तेरावा दिवा

गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक आपण पाच वर्षांत उघडलेलं नाही, हे प्रभाकर लोकांना आपणहून सांगायचा. लिफ्टमध्ये सांगायचा, दूध घेताना सांगायचा, एकदा तर सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू असताना सांगितलं होतं. चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलेल्या माणसाला मोटारीचे चार काटे आणि डझनभर दिवे पुस्तकात बघून समजायला लागले, तर त्याने सरळ रिक्षाने फिरावं, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. पुढे त्याच्यावर जो प्रसंग आला, त्यात रिक्षाने फिरणं खरोखरच बरं पडलं असतं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो नोकरीला होता. समोर भिंतभर काटे आणि त्यांच्यावर शहाण्णव छोटे दिवे. कुठे काही बिनसलं की भोंगा वाजायचा आणि एक दिवा लुकलुकायचा. मग बटण दाबून भोंगा गप्प करायचा, दिव्याचा नंबर नोंदवहीत लिहायचा आणि कारण शोधायला माणूस पाठवायचा. भोंगा गप्प झाला म्हणजे बिघाड गेला असं नाही, हे तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचा. दिव्याशिवाय भोंगा वाजत नाही, हे दुसऱ्या दिवशी. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले होते की प्रभाकरच्या पाळीत कारखान्याला साधी शिंकही आली नाही. पहिल्या रांगेत बसलेली त्याची बायको चित्रा शेजारणीला म्हणाली, "घरी मात्र यांच्यासमोर दूध उतू जातं."

चित्राला गाडी लागायची. त्यामुळे गाडीत बसली की तिच्या दोन गोष्टी ठरलेल्या. एक, आवळासुपारीची चपटी डबी, जी ती दोन सीटच्या मधल्या खाचेत, हँडब्रेकच्या शेजारी ठेवायची. आणि दुसरी, "अहो, हळू." काटा चाळीसच्या पुढे सरकला की हळू, समोर बस आली की हळू, गतिरोधक दिसला की हळू, आणि काहीच दिसलं नाही तर पुढे काहीतरी असेल म्हणून हळू. प्रभाकर म्हणायचा, या गाडीला दोन भोंगे आहेत, त्यातला एक बंद करायचं बटण कंपनीने दिलेलं नाही.

गेल्या दसऱ्याला चित्राने गाडीची पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, स्टिअरिंगला कुंकू लावलं. मग बोटाला उरलेलं, तेलात कालवलेलं कुंकू तिने काट्यांवरच्या काचेला, खाली डाव्या कोपऱ्यात टेकवलं. "यालाही लावते. तुमचं निम्मं आयुष्य असल्याच काचांकडे बघण्यात गेलं," ती म्हणाली. प्रभाकर थोडा कुरकुरला होता. काचेवर डाग पडेल, म्हणाला होता.

जानेवारीत चित्रा गेली. दोन दिवस छातीत जळजळतंय म्हणत होती, तिसऱ्या दिवशी नव्हती. त्याही वेळी काही दिवा लागला होता का, हे प्रभाकर रात्री-बेरात्री आठवत बसायचा. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या टाक्यांचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत सांगणारा माणूस आपण, आणि घरातल्या माणसाचं आपल्याला काही कळलं नाही, हे त्याला फार लागलं होतं. तो ते कोणाला सांगत नसे.

घरातल्या चित्राच्या वस्तू मुलीने, आसावरीने, हळूहळू आवरल्या. साड्या गेल्या, चष्मा गेला. फोटो भिंतीवर आला. गाडीतली डबी मात्र खाचेत राहिली, आणि ते कुंकवाचं बोटही. ते पुसलं जाऊ नये म्हणून प्रभाकरने त्याच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, कडा नखाने नीट दाबल्या. गाडी आतून पुसायला त्याने सगळ्यांना बंदी केली. सर्व्हिसिंगलाही तो गाडी देईना, कारण तिथली माणसं न विचारता सगळं चकचकीत करून देतात. छोट्या पडद्यावर पान्याचं चित्र येऊन सर्व्हिसिंगची तारीख उलटून गेल्याचं गाडी सांगू लागली. प्रभाकरने ते नोंदवहीत लिहिलं आणि विषय मिटवला.

हो, नोंदवहीसुद्धा होती. रोज सकाळी चहा झाला की तो खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसायचा. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी सगळे दिवे क्षणभर एकदम लागतात. तो त्यांची हजेरी घ्यायचा. इंजिन, तेल, बॅटरी, पट्टा, दार, असे बोटाने मोजत बारा भरायचे. त्या उजेडात कुंकवाचं बोटही जरा उजळायचं. मग इंजिन सुरू झालं की सगळे विझायचे, आणि तो वहीत लिहायचा, "बारा. सर्व ठीक." मग बाजूच्या रिकाम्या सीटकडे न बघता गाडी बंद करून वर यायचा. हा उद्योग चित्रा असताना त्याने एकदाही केला नव्हता.

एकदाच, काचा वर करून, कोणी बघत नाही याची खात्री करून घेऊन त्याने ते माहितीपुस्तक उघडलं होतं. पुस्तकात तेरा दिवे होते. प्रभाकरने पुन्हा चावी फिरवून मोजले. बारा. पुस्तक महागड्या मॉडेलचं छापलेलं असणार, असा त्याने निकाल दिला आणि ते परत ठेवून दिलं. आपल्या मोजण्यात चूक असेल ही शक्यता त्याच्या मनाला शिवलीही नाही.

गणपतीत तो आसावरीकडे जेवायला गेला. ती ठाण्याला माजिवड्यात राहते, आणि तिच्या इमारतीचं पार्किंग उतारावर आहे. एरवी प्रभाकर गाडी गिअरमध्ये टाकून ठेवायचा, हँडब्रेक ओढायची त्याला सवय नव्हती, पण तिथे ओढला. जेवण झालं, मोदक झाले. निघताना त्याने हँडब्रेक खाली केला आणि गाडी काढली. हायवेला लागतो न लागतो तोच गाडी बोलली. बिप्. बिप्. बिप्.

त्याने समोर बघितलं. एकही दिवा लागलेला नव्हता. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, दिव्याशिवाय भोंगा वाजत होता.

पुढचे तीन दिवस प्रभाकरने शास्त्रोक्त तपासणीत घालवले. चारही दारं आणि डिकी तीन-तीनदा आपटून लावली. डिकीतली छत्री, जुनी घोंगडी, पाण्याचा कॅन, सगळं बाहेर काढलं. पार्किंगमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याने सल्ला दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या शीलाकाकूंनी गाडीत उंदीर शिरला असेल म्हणून सांगितलं. नाथा वॉचमनचं म्हणणं पडलं की हल्लीच्या गाड्यांना सगळे पट्टे लावलेले लागतात, माणूस असो नसो. ते प्रभाकरला पटलं नाही, पण दुसरा उपायही नव्हता. त्या दिवसापासून गाडीत पाची सीटना पट्टे बांधलेले आणि माणूस एकटा प्रभाकर, अशी ती फिरू लागली. बिप् चालूच राहिलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली. काटा दहाच्या पुढे गेला की आवाज सुरू व्हायचा, आणि दहाच्या खाली आणला की थांबायचा. हे त्याने वहीत लिहिलं. दुसरी गोष्ट त्याने वहीत लिहिली नाही. इंजिन सुरू झाल्यावर बाकीचे दिवे विझायचे, पण कुंकवाचं बोट विझत नसे. त्याच्या कडा बारीक लाल उजळलेल्या राहायच्या. पहिल्या दिवशी त्याला वाटलं ऊन पडलंय. दुसऱ्या दिवशी तो गाडी जिन्याच्या सावलीत घेऊन गेला. तिथेही उजळलेलं होतं.

वाचणाऱ्याच्या जे लक्षात आलं ते प्रभाकरच्याही यायला हवं होतं. पण माणसाला जे हवं असतं ते समोर आलं की त्याची अक्कल रजेवर जाते. चित्राच्या बोटाचा ठसा लाल उजळतो, आणि गाडी जरा पळू लागली की कोणीतरी टोकतं. हळू केली की टोकणं थांबतं. यात बिघाड शोधायला माणूस कुठे पाठवायचा? त्याने चौथ्या दिवशी तपासणी थांबवली. पाचव्या दिवशी, मानपाडा रस्त्यावर बिप् वाजल्याबरोबर तो म्हणाला, "हो गं, केली हळू." आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटलं.

मग तो रोज गाडी काढू लागला. कोपर पुलावरून पूर्वेला जायचा, फडके रोडला वळसा घालून परत यायचा, सगळं ताशी नऊच्या वेगाने. मागे हॉर्न वाजायचे. सायकलवाले पुढे जाऊन वळून बघायचे. एकदा गर्दीत एक आजोबा काठी टेकत बराच वेळ शेजारून चालले आणि शेवटी, पुढे सोडू का, असं त्यांनीच विचारलं. गाडीच्या पडद्यावर एका लिटरमागे अठरा किलोमीटरचं अंतर उतरत उतरत अकरावर आलं. प्रभाकरने ते लिहून ठेवलं आणि कारणाच्या रकान्यात "संथ गती" असं लिहिलं. गाडी उभी केल्यावर मागच्या बाजूने जळका वास यायचा, तो शेजारच्या चायनीजच्या गाडीचा असेल असं त्याने धरलं.

शीलाकाकूंनी आसावरीला फोन केला. तुझे बाबा गाडीत एकटेच बोलतात, मागच्या रिकाम्या सीटना पट्टे बांधतात आणि चालण्यापेक्षा हळू गाडी चालवतात, एवढं त्यांनी सांगितलं. त्यांना आणखी सांगायचं होतं, पण आसावरीने एवढ्यावरच फोन ठेवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती सकाळी डोंबिवलीला येऊन थडकली. येताना बाजारातून दोन टोपल्या झेंडू आणि हारही आणले होते, घरासाठी आणि ऑफिससाठी. तिचा बेत पक्का होता. गाडी आजच्या आज माजिवड्याच्या सर्व्हिस सेंटरला द्यायची, आवाजाचा बंदोबस्त करायचा, आतून-बाहेरून धुऊन घ्यायची आणि उद्या स्वच्छ गाडीची पूजा करायची.

"आतून नको," प्रभाकर म्हणाला.

आसावरीला कारण माहीत होतं. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "बाबा, आईचा फोटो आहे ना घरात? तो डाग आहे हो. वर्ष होईल आता. मलापण आठवण येते. पण तुम्ही त्याच्याशी बोलता, असं लोक मला फोन करून सांगतात, तेव्हा मी काय करायचं?"

बोट पुसलं जाणार हे प्रभाकरला दिसत होतं. खरं काय ते सांगितलं तर मुलगी सर्व्हिस सेंटरऐवजी डॉक्टरकडे नेईल, हेही दिसत होतं. शेवटी तो एवढंच म्हणाला की गाडी मी चालवणार. रस्त्यात काहीतरी सुचेल, असा त्याचा हिशोब होता, आणि रस्ता जितका लांबेल तितकं बरं.

टोपल्या मागच्या सीटवर ठेवल्या आणि सवयीप्रमाणे प्रभाकरने त्यांना पट्टे बांधले. आसावरी पुढे बसली. चित्राच्या सीटवर इतक्या महिन्यांनी कोणीतरी बसलं होतं. चावी फिरवली, बारा मोजले, बाराही विझले. बोट उजळलेलं राहिलं. आसावरीच्या बाजूने ते दिसत नव्हतं.

कल्याण-शीळ रस्ता आला. मग काट्याकडे वाकून तिने बघितलं. नऊ.

"बाबा, मेट्रोच्या खांबांचं काम आपल्यापेक्षा लवकर पुढे सरकतंय."

त्याने थोडा वेग वाढवला. बिप्. लगेच कमी केला. आसावरीने विचारलं, वाजलं की हळू का करता? कंट्रोल रूमची पद्धत आहे, असं तो म्हणाला, आणि मागच्यांना अंदाज यावा म्हणून चारही कोपऱ्यांचे लुकलुकणारे दिवे लावले. मागे दोन टेम्पो, एक शाळेची बस, असंख्य रिक्षा, सगळं सावकाश येत होतं. हॉर्न वाजवून वाजवून लोक थकले होते.

आणि मग हॉर्न थांबले. ते का थांबले हे प्रभाकरला आधी कळलं नाही. रस्त्याच्या कडेला एका दुकानदाराने गाडीकडे बघून हात जोडले. पुढे एका म्हाताऱ्याने टोपी काढली. मागच्या काचेतून झेंडूचे हार दिसत होते, दिवे लुकलुकत होते, गाडी पायी चालण्याच्या वेगाने जात होती आणि पुढे बसलेल्या दोघांचे चेहरे उतरलेले होते. ओव्हरटेक करून पुढे जाणं बरं दिसणार नाही म्हणून मागची वाहनं आता अदबीने अंतर ठेवून येत होती.

एक स्कूटरवाला खिडकीशी आला. हेल्मेटची काच वर करून हलक्या आवाजात म्हणाला, "काका, कोण गेलं?"

अशा बाबतीत खोटं बोलणं प्रभाकरला जमणारं नव्हतं. "मिसेस," तो म्हणाला.

"अरेरे. कधी?"

"जानेवारीत."

स्कूटरवाल्याने मनातल्या मनात महिने मोजलेले स्पष्ट दिसले. त्याने मागच्या सीटवर एक नजर टाकली, हेल्मेटची काच खाली केली आणि निघून गेला.

आसावरी हसायला लागली. तिला ते आवरेना. तोंडावर ओढणी धरून ती हसत होती, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते प्रभाकरला कळलंच नाही. आई गेल्यापासून ती त्याच्यासमोर एकदाही रडली नव्हती. तोही तिच्यासमोर रडला नव्हता. दोघांनी एकमेकांना सांभाळायचं म्हणून नऊ महिने कोरडे काढले होते, आणि आता शीळ रस्त्यावर भर दुपारी, मागे शाळेची बस घेऊन, दोघंही डोळे पुसत होते.

"बाबा, आता चाळीसने चालवा," ती शेवटी म्हणाली. "नाहीतर मी उतरते आणि ही वरात तुम्ही एकट्याने न्या."

त्याने पाय दाबला. काटा वीस, तीस, चाळीस. बिप् बिप् बिप् बिप्, थांबायचं नाव नाही. प्रभाकरला ते ऐकवेना. तो स्टिअरिंग घट्ट धरून, ओठ हलवत होता, आणि ते ओठ काय म्हणत होते हे न बघण्याचं सौजन्य आसावरीने दाखवलं. दोन किलोमीटर गेले नाहीत तोच जळका वास आला. इथे चायनीजची गाडी नव्हती. मागच्या चाकातून बारीक धूर येत होता.

नशिबाने पुढेच एक गॅरेज होतं. उत्तम नावाचा चाळिशीचा मेकॅनिक हात पुसत पुसत आला. त्याने मागच्या चाकाजवळ तळहात नेला आणि पटकन मागे घेतला.

"काका, ब्रेक धरून ठेवलेत हिने. हँडब्रेक वर आहे काय?"

"खाली आहे," प्रभाकर म्हणाला. लांबून बघता खालीच होता.

"लाल दिवा लागतोय का पण?" म्हणत उत्तम आत वाकला. त्याने काट्यांकडे बघितलं, मग चिकटपट्टीकडे. "अहो, ब्रेकचा दिवा इथंच असतोय. त्याच्यावरच कुंकू लावलंय तुम्ही. थांबा, पुसून बघतो." आणि त्याने खांद्यावरचं फडकं काढून त्यावर बाटलीतलं काहीतरी उग्र ओतलं.

प्रभाकरने त्याचं मनगट धरलं. सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या पकडीत इतकी ताकद असेल असं उत्तमला वाटलं नसावं. आसावरी म्हणाली, "बाबा, सोडा. बघू दे त्याला."

पुसू द्यायचं, किंवा सांगायचं. दोनच रस्ते होते. आजवर प्रभाकरने सगळी अब्रू एका गोष्टीवर कमावली होती. दिवा बघून कारण ओळखणारा माणूस, ही ती गोष्ट. ती आता एका अनोळखी माणसासमोर आणि पोटच्या मुलीसमोर सोडायची होती.

"पुसायची गरज नाही," तो म्हणाला. "दिवा लागलेला आहे. महिनाभर लागलेला आहे."

"मग गाडी का पळवली, काका?"

"पळवली नाही. नऊने चालवत होतो." मग आसावरीकडे न बघता तो म्हणाला, "मला वाटलं, ती हळू चालवा म्हणतेय."

आसावरीने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. उत्तमने फडकं परत खांद्यावर टाकलं. त्याला एकंदरीत काय ते समजलं असावं, कारण पुढे तो फार हळू बोलला. लागलेलाच आहे तर पुसायचं कारण नाही, म्हणाला. हँडब्रेक त्याने वर ओढला, खाली सोडला. एक खट् वरच अडकला. मग त्याने दोन बोटं हँडब्रेकखालच्या फटीत घातली, चाचपलं, आणि एक चपटी डबी बाहेर काढली.

झाकण उघडून त्याने वास घेतला. "आवळासुपारी."

माजिवड्याच्या उतारावर हँडब्रेक वर ओढला गेला तेव्हा खाचेतली डबी घसरून त्याच्याखाली गेली होती. महिनाभर तो पुरता खाली बसतच नव्हता. आता बसला. खट् असा आवाज झाला, आणि काचेवरच्या कुंकवाच्या कडा विझल्या.

प्रभाकरने हे बघितलं. बिघाड सापडला, कारण मिळालं, धोका टळला. कंट्रोल रूममध्ये अशा वेळी चहा मागवायचे. त्याला मात्र चित्रा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि या वेळी त्याला ते होताना दिसलं होतं.

उत्तमने ब्रेक थंड होऊ दिले, साफ करून दिले. जाताना एवढं सांगितलं की हा दिवा हँडब्रेकपुरताच नाही, ब्रेकचं तेल कमी झालं तरी हाच लागतो. "ताई बाजूला बसणार असतील तर तो दिसायला पाहिजे, काका. बाकी तुमची मर्जी."

आसावरीने गाडी सर्व्हिस सेंटरला नेली नाही. ती म्हणाली, उद्या आपणच धुऊ, आणि काचेचं तुम्ही काय ते ठरवा.

दसऱ्याच्या सकाळी प्रभाकर एकटाच खाली गेला. चिकटपट्टीचं एक टोक नखाने उचललं आणि श्वास रोखून सावकाश ओढलं. तेलातलं कुंकू पट्टीला धरून सबंधच्या सबंध निघून आलं, बोटाच्या रेषांसकट. ती पट्टी त्याने नोंदवहीच्या पानावर चिकटवली. मग चावी फिरवली आणि मोजलं. तेरा. वहीत त्याने लिहिलं, "तेरा. पुस्तक बरोबर आहे." चौतीस वर्षांच्या नोकरीत असं वाक्य लिहायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

थोड्या वेळाने आसावरी पूजेचं ताट घेऊन आली. कुंकू कुठे लावू, तिने विचारलं. त्याने काट्याच्या काचेवर शंभराच्या पुढची जागा दाखवली. तिथे आपला काटा कधी जाणार नाही, म्हणाला.

तिला स्टेशनला सोडून तो परत निघाला. काटा चाळीसवर होता, आणि गाडी गप्प होती. त्याने पंचेचाळीस केले, पन्नास केले. कोणी काही म्हणालं नाही. गाडी दुरुस्त झाल्याचं इतकं वाईट वाटेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग त्यानेच वेग कमी केला.

तेव्हापासून त्याने गाडी नीट ठेवली आहे. सर्व्हिसिंग वेळेवर होतं, पट्टा एकच लावतो, आणि लोकांना माहितीपुस्तक जरूर वाचावं असं लिफ्टमध्ये सांगतो. डबी पुन्हा खाचेत असते, पण आता रबर लावून बसवलेली. फक्त सोसायटीच्या गेटातून आत शिरताना, पार्किंगपर्यंतच्या त्या पन्नास पावलांत, तो हँडब्रेक एक खट् वर ओढतो आणि काटा दहाच्या जरासा पुढे नेतो.

पहिल्या दिवशी नाथा वॉचमन खुर्चीतून उठून धावत आला आणि खिडकीवर टकटक करून म्हणाला, "काका, हँडब्रेक वर आहे तुमचा."

"माहीत आहे," प्रभाकर म्हणाला.